सगळे तारपावाल्याकडे पाठ करून का नाचतायत? सातवीच्या चित्रकलेच्या तासाला एआय वापरलं त्याची हकीकत

"बाई, हे सगळे तारपावाल्याकडे पाठ करून नाचतायत."

सातवीतली एक मुलगी हे बोलली आणि त्या एका वाक्यामुळेच हे सगळं लिहून ठेवावंसं वाटलं. (तारपा म्हणजे आमच्याकडचं भोपळ्याचं, फुंकून वाजवायचं वाद्य, त्याच्याभोवती वारली लोक नाचतात.) भिंतीवर प्रोजेक्टरने एआयने काढलेलं 'वारली चित्र' टाकलं होतं, बाकीची पोरं वा वा करत होती, मी पण छान आलंय असंच म्हणणार होते, तेवढ्यात ही मागच्या बाकावरून उठली, पुढे आली, भिंतीवर बोट ठेवलं आणि बोलली. एवढी शांत मुलगी की वर्षभरात माझ्याशी दहा वाक्यं बोलली असेल नसेल.

आता पहिल्यापासून सांगते.

मी डहाणू तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. सातवीच्या वर्गात ३८ मुलं, अर्ध्याहून जास्त वारली घरातली, थोडी मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांची, काही बाहेरून कामाला आलेल्या कुटुंबांतली. गेल्या पावसाळ्यात ठरवलं की शनिवारच्या सकाळच्या शाळेत सहा तास एआय आणि चित्र असं काहीतरी घ्यायचं. सामान काय तर शाळेचा एक प्रोजेक्टर, माझा लॅपटॉप आणि माझ्याच मोबाईलचं हॉटस्पॉट, ते पण व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात मोबाईल ठेवला तरच रेंज. जुलैमध्ये आवणी म्हणजे भातलावणी चालू असते त्यामुळे पहिल्या दोन शनिवारी पाच-सात मुलं शेतावरच होती.

एक नियम मी आधीच केला होता आणि तो शेवटपर्यंत मोडला नाही. लॉगिन फक्त माझं, टाईप मी करणार, कुठल्याही मुलाचं नाव किंवा फोटो मशीनमध्ये जाणार नाही. चॅटजीपीटीसारख्या टूलना १३ वर्षांची अट आहे आणि त्यापुढे १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते, आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर १८ च्या खालचा प्रत्येकजण मूलच धरलाय आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी. माझी मुलं बारा वर्षांची. त्यामुळे हे मला फार विचार न करता ठरवता आलं.

पण बाकीचं जे ठरवलं होतं ते चुकलं.

पहिल्या शनिवारी मी काय केलं, शब्दांवरून चित्र काढून देणारं एक टूल उघडलं आणि म्हटलं सांगा काय काढायचं. मोटरसायकलवरचा वाघ, समुद्राखालची शाळा, ढगात राहणारी आजी, एकापाठोपाठ एक सूचना, नुसता कल्ला. मला वाटलं काय सुंदर कल्पनाशक्ती चाललीये. पाऊण तास असाच गेला, घंटा झाली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकाही मुलाने पेन्सिल हातात घेतलेली नाहीये. ३८ वह्या दप्तरातच. आणि नंतर नीट आठवून बघितलं तर सूचना पण सगळ्या एकाच साच्यातल्या होत्या, अमुक प्राणी तमुक गाडीवर, कारण पहिल्याला त्यावर टाळ्या मिळाल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात नेहमीच्या तासाला स्मरणचित्र दिलं, विषय 'पावसातला बाजार'. वर्गातला सगळ्यात चांगला हात असलेला मुलगा, ज्याच्या रेषेकडे मी स्वतः बघत राहते, त्याने कोरा कागद दिला. का रे म्हटलं तर खाली बघून म्हणाला, "मशीन काढतं ना बाई, त्याच्यासारखं मला नाय येत."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे असं का होतं यावर मी नंतर बराच विचार केला. सात-आठ वर्षांच्या मुलाला मशीनने वाघ काढून दाखवला तर त्याला काही फरक पडत नाही, त्याचा स्वतःचा पाच पायांचा वाघच त्याला खरा वाटतो. पण दहा ते तेरा हे वय वेगळं आहे, याच वयात मुलं पहिल्यांदा म्हणायला लागतात की माझं चित्र खऱ्यासारखं दिसत नाही, शेडिंग जमत नाही, हात चुकला, खोडरबर जास्त चालायला लागतं, आणि बरीच मुलं याच वयात चित्र कायमचं सोडतात. चित्रकला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. नेमक्या त्या वयात मी त्यांच्यासमोर एका मिनिटात गुळगुळीत चित्र काढणारं यंत्र आणून ठेवलं आणि म्हटलं बघा किती मजा. चूक माझी होती. यंत्र वाईट म्हणून नाही, मी ते चुकीच्या जागी ठेवलं म्हणून, हाताच्या आधी.

दुसरा शनिवार म्हणून पूर्ण बदलला. कागद-पेन्सिल आधी, लॅपटॉप बंद. पाच मिनिटांत 'घर' काढा एवढंच सांगितलं. सगळे कागद फरशीवर मांडले आणि बघितलं तर जवळजवळ सगळ्यांनी चौकोन, वर त्रिकोणी छप्पर, मधे दार, दोन खिडक्या. मागे दोन डोंगर, डोंगरांच्या मधून सूर्य, बाजूला नदी. आपल्या प्रत्येकाच्या लहानपणीचं ते निसर्गचित्र, कोकणातला पोरगा असो की यवतमाळचा, डोंगर दोनच आणि सूर्य मधूनच. आणि यातली कितीतरी मुलं कुडाच्या भिंतीच्या घरात राहतात, ज्याला पुढे ओटी आहे, शेणाने सारवलेली जमीन आहे, आत कणगी आहे. त्यातलं काहीच कागदावर नव्हतं.

मग लॅपटॉप उघडला आणि क्विक ड्रॉ लावलं. गूगलचा हा खेळ २०१६ मध्ये आला, तो एक शब्द देतो, तुम्ही २० सेकंदांत माऊसने ते काढायचं आणि मशीन ओळखायचा प्रयत्न करतं. शब्द मी वाचून सांगत होते, मुलं आळीपाळीने माऊस धरत होती. यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे इथे चित्र मूल काढतं आणि धडपड मशीन करतं. २० सेकंदांत कुणाचंच चित्र चांगलं येत नाही त्यामुळे चांगला हात आणि वाईट हात हा भेदच राहत नाही, कोरा कागद देणाऱ्या त्या मुलाने पण दोन वेळा माऊस घेतला.

या खेळात जगभरातल्या लोकांनी काढलेली चित्रं गूगलने नंतर खुली केली, ५ कोटी चित्रं, ३४५ शब्दांची. कुठलाही शब्द निवडा, लोकांनी ते कसं काढलं ते बघता येतं. आम्ही 'घर' उघडलं. आणि वर्ग गप्प झाला, कारण पडद्यावर तेच होतं जे फरशीवर होतं. चौकोन, त्रिकोण, दार. एकजण म्हणाला, "बाई, सगळ्या जगाने आमची कॉपी केली." मी विचारलं, की आपण जगाची केली? त्यावर बराच वेळ चर्चा झाली, निष्कर्ष काही निघाला नाही, पण मशीन म्हणजे काय हे मला जे तासभर बोलून समजावता आलं नसतं ते त्यांना त्या दोन दृश्यांवरून कळलं. पुष्कळ लोकांनी पुष्कळदा जे काढलं ते त्याला येतं.

मग मी त्यांना शब्दांच्या यादीत नेलं. बेसबॉलची बॅट आहे, क्रिकेटची नाही. चर्च आहे, देऊळ नाही. भांडी धुण्याचं मशीन आहे, रिक्षा नाही. मुलं लगेच स्वतःची यादी करायला लागली की याला काय काय माहीत नाही, इरलं, सूप, कणगी, तारपा, कावड, मासे सुकवायची वलांडी, फळ्यावर जागा पुरेना. ही यादी म्हणजे पहिल्या शनिवारच्या वाघ-मोटरसायकलपेक्षा मला कितीतरी जास्त कल्पक वाटली, कारण ही त्यांनी आजूबाजूला बघून केली होती. आणि तिथेच कुणीतरी म्हणालं, मग आपण शिकवू त्याला.

ते पुढे सांगते, आधी तिसरा शनिवार.

तिसऱ्या शनिवारी मी ते चित्र काढणारं टूल परत आणलं पण वेगळ्या अटीवर. म्हटलं, आता याला आपल्याकडचं काहीतरी काढायला सांगू, आणि आपलं काम म्हणजे त्याच्या चुका पकडणं. सुरुवात 'सूप' या शब्दाने केली, मराठीत टाईप केलं. मशीनने वाडग्यात वाफाळतं टोमॅटो सूप काढून दिलं. वर्ग हसून हसून लोळला. मग मी म्हटलं धान्य पाखडायचं सूप त्याला समजावून सांगा. आणि इथे गंमत सुरू झाली, कारण सूप कसं असतं हे सांगायला कुणालाच येईना! रोज घरात बघतात. बांबूच्या पट्ट्यांचं, बरोबर, पण आकार? एका बाजूला उघडं, तीन बाजूंनी कड, कड पुढच्या बाजूला उतरत जाते, विण आडवी-उभी, काठ वेताने बांधलेला. हे एकेक वाक्य मिळवायला वीस मिनिटं लागली, दोघंजण तर शाळेच्या मागच्या घरून खरं सूप घेऊन आले.

मग तारपा नाच. आणि मग ते वाक्य.

मशीनने काढलेलं चित्र लांबून खरंच वारलीसारखं होतं. तपकिरी जमीन, पांढऱ्या आकृत्या, गोल. पण ती मुलगी बोलल्यावर सगळे पुढे सरकले आणि मग एकेक निघायला लागलं. तारपावाला मधे असतो, सगळे त्याच्याकडे बघून नाचतात, तो वळेल तसे वळतात, त्याच्याकडे पाठ करायची नसते. चित्रात सगळ्यांची तोंडं बाहेर. तोंडं, हे पण चुकीचं, वारली माणसाला नाक-डोळे नसतात, नुसतं गोल डोकं. हातात हात गुंफलेले नाहीत, प्रत्येकजण सुटा उभा. रांगेला सुरुवात-शेवट नाही, खरा नाच गोल गोल आत वळत जातो, वेटोळं असतं. आणि तारपा? ती तर चक्क सनई होती. तारपा दुधी भोपळ्याचा असतो, खाली बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, मेण लावून चिकटवलेला. एकाचे आजोबा वाजवतात, तो उभा राहून गाल फुगवून धरायचं कसं ते दाखवायला लागला.

मी फळ्यावर लिहीत होते आणि मनात एकच चाललं होतं, ही मुलं गेली दोन वर्षं माझ्या तासाला वारली काढतायत, दोन त्रिकोण एक गोल, आणि मी त्यांना यातलं काहीही कधी विचारलं नाही. चूक पकडायची तर आधी खरी गोष्ट डोळ्यासमोर आणावी लागते, आणि ती आणताना मुलाला कळतं की अरे हे मला माहीत आहे, मशीनला नाही, बाईंना पण नाही. त्या मुलीचा आवाज त्या दिवशी त्यामुळे निघाला असं मला वाटतं.

मुलांनी विचारलं, त्याला का नाही माहीत? मग मी सांगितलं की अशी मशीन्स इंटरनेटवरच्या चित्रांवर आणि त्यांच्याखाली लिहिलेल्या ओळींवर शिकवलेली असतात. २०२२ मध्ये लायन-५बी नावाचा एक खुला संग्रह आला, त्यात ५८५ कोटी चित्रं आणि त्यांच्या ओळी होत्या, त्यातल्या २३० कोटींच्या वर नुसत्या इंग्रजी. आता तारपावाल्याचा फोटो काढून त्याखाली नीट 'तारपा' असं कितीजणांनी लिहिलं असेल? आणि मशीन काढतं कसं तर आपण ढगात हत्ती बघतो ना तसं, सुरुवातीला नुसता ठिपक्यांचा कचरा असतो, मशीनला शब्द सांगितला की ते त्या कचऱ्यात तो शब्द शोधत शोधत एकेक पायरी साफ करत जातं. ज्याने हत्ती कधी बघितलाच नाही त्याला ढगात हत्ती कसा दिसेल, हे एका मुलाने स्वतःहून जोडलं.

घरचा अभ्यास दिला, आजीला किंवा आईला विचारून या की चित्रातलं काय कसं असतं आणि का. पुढच्या आठवड्यात जे आलं त्यातली एक गोष्ट मला कधी सुचलीच नसती. एका मुलाची आजी म्हणाली, नाच काढा, शेत काढा, झाडं काढा, पण लग्नाचा चौक त्या मशीनला काढायला सांगू नका. तो चौक लग्नघराच्या भिंतीवर सवासिणी काढतात, त्यात पालघाट देवी असते, धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई गाणी म्हणते, तो काही कुठेही काढायचा नसतो. मुलाने हे निरोप दिल्यासारखं वर्गात सांगितलं. आम्ही फळ्यावर एक चौकट आखली, 'हे मशीनला सांगायचं नाही', आणि त्यात पहिला चौक लिहिला. नंतर मुलांनी त्यात आणखी भर घातली, एकाने त्याच्या गेलेल्या बहिणीचं नाव लिहिलं. मी काही बोलले नाही. ती चौकट आता माझ्या प्रत्येक वर्गात असते.

इथे थोडं थांबून एक सांगायचंय, कारण मला कुणीतरी म्हणालं की वारलीसारख्या परंपरेत हे एआय कशाला घुसवता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी लोकांना कागद आणि रंग दिले, तोपर्यंत हे चित्र भिंतीवर, गेरूवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, आणि मुख्यतः बायका लग्नाच्या वेळी काढायच्या. कागद आल्यावर पुरुष काढायला लागले, रोजचे विषय आले, विक्री आली. आमच्याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यातून पुढे आले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये गेले. म्हणजे नवीन साधन इथे पहिल्यांदा येतंय असं नाही. कागदाने काय दिलं आणि बायकांच्या हातातून काय गेलं दोन्ही बघायला हवं, आणि तसंच यावेळी पण. मला एवढंच वाटतं की यावेळी साधन हातात घेताना मुलांना हा प्रश्न माहीत असावा.

चौथा शनिवार, 'आपण शिकवू त्याला'. यासाठी टीचेबल मशीन वापरलं, हे पण गूगलचंच, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, लॉगिन लागत नाही, आणि सेव्ह करायला सांगितलं नाही तर चित्रं तुमच्याच लॅपटॉपवर राहतात. कॅमेऱ्यासमोर उदाहरणं धरायची, त्यांना नाव द्यायचं, शिकव म्हणायचं, दोन मिनिटांत तयार. आम्ही तीन गट केले, सूप, इरलं, तारपा. प्रत्येक गटाने स्वतःच्या हाताने तीस-चाळीस चित्रं काढली. लक्षात घ्या, पहिल्या शनिवारी शून्य चित्रं झाली होती, या शनिवारी शंभराच्या वर, आणि कुणी म्हणालं नाही की माझं चांगलं येत नाही, कारण मशीनला शिकवायला वेगवेगळी चित्रं लागतात, वाकडं सूप पण लागतं. एकीचं इरलं कासवासारखं झालं होतं, गटाने तेच मुद्दाम ठेवलं.

शिकवून झालं, तपासायला बसलो, आणि मशीन भलतंच बोलायला लागलं. इरलं दाखवलं, बरोबर. सूप दाखवलं, बरोबर. मग एकाने नवीन सूप काढून आणलं तर म्हणे तारपा. दुसरं सूप, परत तारपा. सगळे वैतागले, मशीन मठ्ठ आहे म्हणाले. मला कारण दिसलं होतं पण गप्प बसले, फार कठीण जातं गप्प बसणं. दहा मिनिटांनी तोच मुलगा, कोऱ्या कागदवाला, उठला आणि एक ब्राऊन पेपरचा कोरा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. मशीन म्हणालं तारपा, ९८ टक्के.

झालं असं होतं की तारपाच्या गटाने हौसेने सगळी चित्रं ब्राऊन पेपरवर पांढऱ्या रंगाने काढली होती आणि बाकी दोघांनी पांढऱ्या कागदावर पेन्सिलने. मशीन तारपा शिकलंच नव्हतं, ते तपकिरी रंग शिकलं होतं. नवीन सूप आणणाऱ्यांनी उरलेला ब्राऊन पेपर वापरला होता. दोष मशीनचा नाही, आमच्या उदाहरणांचा. तिन्ही गटांनी दोन्ही कागदांवर परत चित्रं काढली आणि मग नीट चाललं. एआयमधला पूर्वग्रह वगैरे मोठे शब्द मी वापरलेच नाहीत, पण पुढच्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, बाई, परवाच्या चित्रात पण तसंच झालं असेल का, तपकिरीवर पांढरं म्हणजे वारली एवढंच त्याला कळलं असेल? मला वाटतं याहून चांगला प्रश्न मोठी माणसं पण विचारत नाहीत.

पाचव्या शनिवारच्या आधी एका मुलाचे वडील शाळेत आले. ते स्वतः वारली चित्रं काढून विकतात. शांतपणे बोलले पण राग दिसत होता. "मॅडम, पोरांची चित्रं मशीनला दिली म्हणजे आमचं काम फुकट दिल्यासारखंच ना? आधीच कपावर, साडीवर कुणीही छापतंय, आता एक बटण दाबलं की वारली." मी त्यांना काय केलं ते सगळं दाखवलं, चित्र काढणाऱ्या टूलमध्ये मुलांची चित्रं टाकलेली नाहीत, टीचेबल मशीनची आमच्याच लॅपटॉपवर आहेत, आणि ती पण त्यांच्यासमोर पुसली. पण त्यांच्या मूळ म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं. वारलीला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे नावाला काहीतरी संरक्षण आहे, पण कुठल्यातरी मशीनने इंटरनेटवरून उचललेल्या चित्रांना ते कसं पुरणार. मी त्यांनाच वर्गात बोलवलं. ते आले, तासभर बसले, मुलांना एक मासा काढून दाखवला आणि किंमत कशी ठरवतात ते सांगितलं, एका चित्राला किती दिवस लागतात, दुकानदार किती देतो. चित्र म्हणजे कुणाचातरी दिवस असतो हे मुलांनी त्यांच्या तोंडून ऐकलं ते बरं झालं.

त्यामुळे पाचव्या शनिवारचा बेत थोडा बदलला. मेटाने एक टूल केलंय, ॲनिमेटेड ड्रॉइंग्ज, मुलांनी काढलेल्या माणसाला चालायला-नाचायला लावणारं, २०२१ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये त्याचा कोड आणि सुमारे १ लाख ८० हजार चित्रांचा संग्रह पण खुला केला. यात मी मुलांचं चित्र न टाकता माझ्या हातची एक वारली आकृती टाकली. मशीन चित्रातला माणूस शोधतं, त्याचे सांधे ठरवतं, खांदा, कोपर, गुडघा, आणि तुम्हाला ते ठिपके सरकवता येतात. मुलांना सगळ्यात जास्त गंमत वाटली ती त्या ठिपक्यांची, कारण वारली माणसाची कंबर म्हणजे दोन त्रिकोणांची टोकं जिथे भेटतात तो बिंदू, तिथे ठिपका कुठे ठेवायचा यावर भांडणं. आकृती नाचली पण तिच्यातल्या हालचाली आधीपासून ठरवलेल्या असतात, उड्या, हात हलवणं वगैरे. तारप्याची पावलं त्यात नसणारच.

मग ती पावलं त्यांनीच केली. कागदातून आकृत्या कापल्या, हात-पाय दोऱ्याने जोडले, फरशीवर मांडल्या, एक पाऊल सरकवायचं, मोबाईलने फोटो, परत सरकवायचं, परत फोटो. एका सेकंदाला सहा फोटो धरले. वीस सेकंदांच्या नाचाला १२० फोटो, पूर्ण दुपार गेली, शाळा सुटून तास झाला तरी दहा-बाराजण बसून होते. आणि इथे तो मुलगा, त्याने पुढाकार घेतला, आधी स्वतः नाचून बघायचा, पाय कुठे टेकतो, गुडघा कधी वाकतो, मग आकृती सरकवायचा. त्या तासाला पूर्ण एआय बाजूला पडलेलं होतं आणि मला त्याची अजिबात खंत नाही.

तो मुलगा परत पहिल्यासारखा चित्र काढायला लागला असं मात्र मी म्हणणार नाही. नेहमीच्या तासाला तो अजूनही अर्धवट कागद देतो. हलणारं काही असेल तर जीव ओततो, कागदावरचं एकटं चित्र म्हटलं की तो दुसरीकडे बघतो. पहिल्या शनिवारचा परिणाम किती आणि वयाचा किती मला वेगळं काढता येत नाही. पण पुढच्या वर्षी मी कुठल्याही वर्गाला तयार चित्र देणारं मशीन आधी दाखवणार नाही हे नक्की, आणि पाचवीच्या खाली तर दाखवणारच नाही. कुणी शिक्षक हे वाचत असेल तर एवढं तरी माझं ऐका.

सहावा शनिवार लेखनाचा झाला, ठरवून नाही. मुलं म्हणाली त्या मशीनला तारपा नाच एकदा तरी नीट काढायला लावूच. चार चारच्या गटाने वर्णन लिहायचं, मी टाईप करायचं, चित्र बघायचं, वर्णन सुधारायचं. एका गटाने अकरा वेळा सुधारलं. पहिलं वर्णन होतं 'तारपा नाच काढ'. अकरावं असं होतं, मी जसंच्या तसं उतरवतेय: 'रात्र आहे. खळ्यात एक माणूस वाकून उभा आहे. त्याच्या तोंडात भोपळ्याचं वाद्य आहे, ते त्याच्यापेक्षा लांब आहे आणि जमिनीकडे झुकलेलं आहे. बायका आणि पुरुषांनी एकमेकांच्या कमरेमागून हात घातलेत. रांग गोगलगायीच्या शंखासारखी आत गेली आहे. सगळ्यांची डोकी वाजवणाऱ्याकडे आहेत. शेवटचा मुलगा लहान आहे, त्याला पाय जमत नाहीत.'

मराठीचे सर हे वाचून मला म्हणाले, हे यांनी लिहिलं? निबंधात तर चार ओळींच्या वर जात नाहीत. मशीनला यावेळी तारपावाला मधे आणता आला, तोंडं पण बरीचशी आत वळली, पण हात परत चुकले आणि तो लहान मुलगा गायबच. त्या गटाने मग व्हरांड्याच्या भिंतीवर स्वतःच काढायचं ठरवलं. गेरू लावून झालाय, वाजवणारा आणि पहिल्या नऊ आकृत्या झाल्यात, लहान मुलगा कुणी काढायचा यावर अजून एकमत नाहीये.

आता पुढचं काम आवाजाचं आहे. टीचेबल मशीनला आवाज पण शिकवता येतात आणि मुलांना तारप्याच्या वेगवेगळ्या चाली त्याला ओळखायला लावायच्यात, चाल बदलली की पडद्यावरच्या आकृत्यांची पावलं बदलतील असं काहीतरी डोक्यात आहे. ज्याचे आजोबा वाजवतात त्याच्यासोबत मी त्यांच्या पाड्यावर विचारायला गेले होते. रेकॉर्डिंगला ते लगेच हो म्हणाले, नातवाच्या शाळेचं काम आहे म्हटल्यावर खूषच होते. पण भिंतीवर टांगलेल्या तारप्याला हात लावला नाही. म्हणाले, "भात अजून शेतात उभं आहे बाई. नवं भात घरात येऊ दे, मग मी वाजवीन, तेव्हा घेऊन या तुमचं मशीन."

त्यामुळे आम्ही कापणी व्हायची वाट बघतोय.